बाजारच्या दिवसाचे कोडे

वाचकहो, माझ्यासारखा शेतीखात्यातला माणूस लिहायला बसला की तुम्ही हुमणीची किंवा बोंडअळीची अपेक्षा करता. आज मात्र मी शब्दकोड्याविषयी लिहिणार आहे. साहेबांना काम उरलेले दिसत नाही, असे तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. पण पुढे तणनाशकाचाही विषय निघणार आहे, तेव्हा एवढ्यात पान उलटू नका.

हा नाद मला राहुरीला लागला. तिथल्या कृषी विद्यापीठात मी बी.एस्सी. करीत होतो. वसतिगृहाच्या खाणावळीत रविवारची पुरवणी एकच यायची आणि कोडे सोडवणारे असायचे दहा. जो आधी उठेल तो शाईने कोडे भरून टाकी आणि बाकीच्यांनी बोटे मोडायची. म्हणून मी पहाटे उठून कोड्याची चौकट प्रात्यक्षिकाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेऊ लागलो. पहाटे उठायची सवय पुढे नोकरीत उपयोगी पडली. विद्यापीठाने मला जे जे शिकवले त्यात हेही धरायला हरकत नाही.

लग्न झाल्यावर कळले की मी समजत होतो तितका मी हुशार नाही. मला पुस्तकातले शब्द यायचे. 'सूर्य', चार अक्षरी म्हटले की मी 'दिनकर' लिहून मोकळा. पण 'मडक्यांची एकावर एक रचलेली रास', चार अक्षरी, या ठिकाणी मी अर्धा तास अडकलो होतो. तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, उतरंड! जन्मात पाहिली नाही का?" पाहिली होती. आईच्या घरी कोपऱ्यात होती. पण पाहिलेली वस्तू आणि वेळेवर आठवणारा शब्द यांत बरेच अंतर असते. तेव्हापासून आमच्या घरी कोडे दोघांचे. ती आत भाकरी थापते, मी ओसरीवरून मोठ्याने वाचतो. निम्मी उत्तरे आतून येतात.

कोडे सोडवणे निराळे आणि रचणे निराळे. दुसऱ्याने पेरलेल्या रानात कापणीला जाणे आणि स्वतःचे रान पेरणे, एवढा फरक. रचायच्या नादाला मी लागलो तो भाचीमुळे. ती अमेरिकेत नोकरीला आहे. एकदा सुट्टीत आली तेव्हा सोबत तिकडच्या वर्तमानपत्रातली कोडी घेऊन आली होती. त्यातले शनिवारचे कोडे तिने माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "मामा, हे सोडवून दाखवा." मला त्यातले एकही घर भरता आले नाही. पण ती चौकट मी बराच वेळ पाहत बसलो.

शब्दकोड्याचा जन्मच तिकडचा. आर्थर विन नावाच्या, मूळच्या लिव्हरपूलच्या माणसाने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत पहिले कोडे छापले. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता आणि मधोमध मोकळी जागा होती. १९२४ साली कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले तेव्हा त्यासोबत पेन्सिलही दिली होती. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मात्र त्या काळात या वेडाला वेळेची नासाडी म्हणून नाक मुरडले होते. त्याच पत्राने पुढे महायुद्धाच्या धामधुमीत, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, स्वतःचे कोडे सुरू केले. आज जगात सर्वांत गाजलेले कोडे त्यांचेच आहे. माणसे बदलतात तशी वर्तमानपत्रेही बदलतात!

तिकडे आठवड्याचा क्रम ठरलेला असतो. सोमवारचे कोडे सोपे, मग दिवसागणिक अवघड. सोमवार ते गुरुवार कोड्याला एक विषय असतो. चार लांब शब्द एका सूत्रात गुंफलेले असतात. सूत्र सापडले की पुढचे शब्द आपोआप ओळखू येतात. शुक्रवारी आणि शनिवारी हा आधार काढून घेतात. विषयच नाही! पंधरा घरे आडवी, पंधरा उभी, शब्द ७२ च्या वर जाता कामा नयेत. शब्द कमी म्हणजे ते लांब, आणि काळी घरेही कमी. तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द चालत नाही. एकच शब्द दोनदा चालत नाही. कागद उलटा फिरवून धरला तरी काळी घरे जिथल्या तिथे दिसली पाहिजेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक घर आडव्या शब्दातही असले पाहिजे आणि उभ्या शब्दातही. एका बाजूने चुकलात तर दुसरी बाजू लगेच सांगते की चुकलास.

आपल्या वर्तमानपत्रांतली बहुतेक कोडी बिनविषयाचीच असतात. आपण त्यांना तसे वेगळे नाव दिले नाही, इतकेच. मात्र हा शेवटचा नियम आपल्याकडे सहसा पाळला जात नाही. बरीच घरे एकाच शब्दाची असतात. यात आळस नाही, अडचण आहे. त्यांची अक्षरे २६. आपल्याकडे एका घरात मात्रेसकट अक्षर बसते. 'क' वेगळा, 'का' वेगळा, 'की' वेगळी. चौतीस व्यंजने आणि बाराखडीची बारा रूपे म्हटली तरी चारशे आठ झाली. स्वर आणि जोडाक्षरे त्यात धरलेलीच नाहीत. 'ज्वारी' दोन घरांत मावते, पण तो 'ज्वा' उभ्या शब्दात कुठे मिळवायचा?

करून पाहायचे असेल तर नऊ घरांपासून सुरुवात करा. मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या, पेन्सिल घ्या आणि खोडरबर जवळ ठेवा. शाईपेन नको. तीन ओळी लिहा:

व ख र
ख ड क
र क मा

आडवे वाचा: वखर, खडक, रकमा. उभे वाचा, तेच येते. हे शिकाऊ कोडे झाले. खऱ्या कोड्यात एक शब्द दोनदा चालत नाही, आणि 'रक्कम' बसली नाही म्हणून मला 'रकमा' असे अनेकवचन करावे लागले. पण या नऊ घरांना मला दोन रात्री लागल्या, आणि लिहून झाल्यावर वाटले की कोरडवाहू शेतकऱ्याचे निम्मे आयुष्य यात आले की! वखर हाती, खडक पायाखाली, आणि रकमा देणेकऱ्याच्या वहीत.

पुढे मी सात बाय सातचे रचायला घेतले. मधली ओळ आधी भरायची, हा माझा रिवाज. 'आठवडाबाजार' हा सात अक्षरांचा शब्द मधोमध टाकला. आता गंमत पाहा. पहिले अक्षर 'आ'. नुसता 'आ' शब्दाच्या पोटात फारसा येत नाही, बहुधा सुरुवातीलाच येतो. म्हणजे त्या 'आ'च्या डोक्यावर काळे घर आलेच, आणि तिथून खाली चार अक्षरी शब्द हवा. 'आमराई' बसली. आता नियम असा की डाव्या बाजूला जे केले ते उजवीकडे उलटे झाले पाहिजे. शेवटच्या 'र'च्या पायाशी काळे घर, आणि वरून खाली येत 'र'वर संपणारा चार अक्षरी शब्द. 'कारभार' चालला असता, पण मी 'सावकार' घेतला. मधल्या 'डा'वरून 'कडाका' उभा केला. मग उरलेली घरे भरताना पंधरा दिवस गेले. 'ळ' आणि 'ण' या अक्षरांनी आपल्याकडे शब्द सुरू होत नाहीत म्हटले तरी चालेल, म्हणून ती अक्षरे उजव्या किंवा खालच्या कडेला ढकलावी लागतात. वाफ्यात बांधाकडेला झेंडू लावतात तशी.

संकेत सर्वांत शेवटी लिहायचे. त्यातच खरी मजा आहे. 'आमराई'ला मी लिहिले, 'आजोबांनी लावावी, नातवांनी खावी.' 'सावकार'ला, 'याच्या वहीतली शाई वाळत नाही.' 'कडाका'ला, 'थंडीत पडतो, पण आवाज होत नाही.' संकेत खरा असला पाहिजे, पण सरळ नको. वाचणाऱ्याला घटकाभर चकवावे, फसवू मात्र नये. उत्तर कळल्यावर "हात्तिच्या!" असे त्याच्या तोंडून निघाले तर कोडे जमले. "असं कुठं असतं का?" असे निघाले तर रचणारा चुकला.

त्याआधी, २०१२ साली, मी एका शेतकरी मेळाव्यासाठी विषयाचे कोडे रचले होते. स्फुरद, पालाश, जिवाणूसंवर्धन असे सगळे आपल्या खात्यातले शब्द. बक्षीस म्हणून बियाण्याची पिशवी ठेवली होती. एकाही माणसाने ते पुरे केले नाही. कागदाचा उपयोग बहुतेकांनी शेंगदाण्यासाठी केला. मी तेव्हा घरी येऊन म्हणालो की लोकांना वाचायची आवड नाही. सौभाग्यवतींनी कोडे हातात घेऊन वाचले आणि म्हणाल्या, "हे लोकांसाठी नाही, तुमच्या वरच्या साहेबांसाठी आहे."

आता तणनाशकाकडे येतो.

२००६ साली मी बार्शी तालुक्यात होतो. सोयाबीन वाढत होते, आणि उगवणीनंतर फवारायच्या एका तणनाशकाचे पत्रक मी स्वतः लिहून वाटले होते. प्रमाण लिहिले होते, हेक्टरी १ लिटर. शास्त्रीयदृष्ट्या बरोबर. सातबाऱ्यावरही हेक्टर आणि आरच असतात. पण रानात कुणी हेक्टर बोलते का? रानात एकर असतो आणि गुंठे असतात. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, म्हणजे एकराला ४०० मिली. हे मी पत्रकात लिहिले नव्हते. मला वाटले, हे काय सांगायचे!

एका गावातल्या गृहस्थांनी, गाव त्यांना तात्या म्हणतो, आपल्या एकरभर सोयाबीनवर लिटरची अख्खी बाटली फवारली. वीस दिवसांचे पीक पिवळे पडले, शेंडे थिजले. उतारा निम्म्यावरही आला नाही. त्या सोयाबीनवर त्यांच्या मुलीच्या लग्नाची उधारी फिटायची होती. मी पाहायला गेलो तेव्हा बांधावर आठदहा माणसे उभी होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "तात्या, पत्रक नीट वाचायचं होतं." तात्या काही बोलले नाहीत. पुढे मी बदलून गेलो तोवर ते माझ्या एकाही बैठकीला आले नाहीत.

बदल्यांच्या फेऱ्यात २०१८ साली मी पुन्हा त्याच भागात आलो. आता केस पांढरे झाले होते आणि कोड्यांचा नाद पक्का झाला होता. शहरात शनिवार-रविवार सुट्टीचे. आपल्याकडे सुट्टीसारखा दिवस एकच, बाजाराचा. त्या दिवशी माणसे चार घटका निवांत असतात. तात्यांच्या गावच्या वाचनालयाबाहेर एक जुना फळा होता. मी त्यावर पांढऱ्या रंगाने सात बाय सातची चौकट आखून घेतली आणि दर बाजारला तिथे कोडे लिहू लागलो. बिनविषयाचे. बाजारात कसे भाजी, दोरखंड, बांगड्या, चप्पल सगळे शेजारी शेजारी असते, तसे. खडू खाली ठेवलेला. ज्याला येईल त्याने भरावे.

पहिले दोन बाजार फक्त शाळेतली पोरे आली. तिसऱ्या बाजारला बायका थांबू लागल्या. पिशव्या पायाशी ठेवून एकमेकींना विचारायच्या. एकीला लिहिता येत नव्हते, ती बोलायची आणि नातू लिहायचा. स्फुरद-पालाशला जे साधले नव्हते ते 'उतरंड'ला साधले.

एका बाजारच्या कोड्यात मी संकेत दिला होता, 'ज्वारीचे कणीस ताटापासून वेगळे करण्याचे काम', तीन अक्षरी. माझे उत्तर 'कापणी'. चौकटीत हा कोपरा मला नीट जमला नव्हता. पहिली दोन घरे एकट्या या शब्दाची होती, शेवटचा 'णी' तेवढा 'कहाणी'च्या 'णी'शी जुळत होता. संध्याकाळी पाहतो तर कुणीतरी 'खुडणी' लिहिलेले. मी फडक्याने पुसले आणि 'कापणी' लिहू लागलो.

"साहेब, पुसू नका. बरोबर आहे ते."

मागे वळून पाहिले. तात्या होते. बारा वर्षांनी माझ्याशी बोलत होते.

मी म्हणालो, "तात्या, उत्तर कापणी आहे."

"कणीस कापत नाहीत. खुडतात. काढणी, खुडणी, मळणी. लहान पोरालाबी ठाऊक आहे."

"पण मी कापणी धरलंय."

"तुम्ही धरलं असंल. लिहिलं कुठं तसं? आम्हाला जे लिहिलंय तेवढंच वाचता येतं." मग जरा थांबून, खडूचा तुकडा परत जागेवर ठेवत ते म्हणाले, "त्या साली पण मी नीटच वाचलं होतं."

बाजार आवरत आला होता. आजूबाजूला माणसे होती. मी 'कापणी' पुसून पुन्हा 'खुडणी' लिहिले. एवढेच मला तिथे जमले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या वस्तीवर गेलो आणि जे बांधावर बारा वर्षांपूर्वी बोलायला हवे होते ते बोललो. तात्या म्हणाले, "आता काय त्याचं," आणि चहा ठेवायला सांगितला. माफ केले की नाही, ते त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

त्या रात्री मी माझी जुनी पत्रके काढून बसलो. सगळी आडवी होती, वाचकहो. उभा शब्द कुठेच नव्हता. वाचणारा चुकला तर त्याला थांबवणारे एकही घर मी ठेवले नव्हते. तेव्हापासून मी पत्रकात प्रमाण तीन ठिकाणी देतो: हेक्टरी १ लिटर, एकरी ४०० मिली २०० लिटर पाण्यात, आणि १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. एकराला तेरा पंपांहून थोडे जास्त लागतात, तेरा तिरके एकोणचाळीस, म्हणजे चारशेच्या आसपास. जुळते. जुळले नाही तर कुठेतरी चुकले आहे. फवारू नका, फोन करा, असेही खाली लिहितो. तुमच्याकडच्या पत्रकावर किंवा डब्याच्या चिठ्ठीवर एकच आकडा असेल तर दुकानदाराकडून दुसरा मागून घ्या. हेक्टरी आहे की एकरी, आणि पंपाला किती, हे विचारायला लाजू नका.

२०२२ साली पत्रक छापताना ३० चे ३०० झाले. तपासणीत ते माझ्याही नजरेतून सुटले. वाटल्यानंतर तिसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. "साहेब, तेरा पंपांचं मिळून चार लिटर होतंय, आणि वर एकराला चारशे मिली लिहिलंय. कोणतं खरं?" मी दुपारपर्यंत पाच गावे फिरलो आणि पेनने शून्य खोडत गेलो. कुणी फवारले नव्हते. घरी आल्यावर जेवण गेले नाही.

फळा अजून चालू आहे. आता कोडे मी एकटा रचत नाही. बाजारच्या दिवशी तात्या कोपरीच्या खिशातून कागदाची चिठोरी काढून देतात. त्यावर एक शब्द असतो. कधी 'मोघड', कधी 'सुगी', कधी माझ्या शब्दकोशात नसलेलाच काही. शब्द त्यांचा, संकेत माझा, अशी वाटणी झाली आहे. संकेत त्यांना पसंत पडला नाही तर मान हलवतात आणि चिठोरी परत खिशात जाते.

मागच्या बाजारला त्यांनी 'वाफसा' दिला. वा-फ-सा, तीन घरे. चौकटीत छान बसतो. अडले आहे ते संकेताशी. मी लिहिले, 'जमिनीतील पाणी व हवा यांचे पेरणीयोग्य प्रमाण.' तात्या म्हणाले, "हे तुमच्या परीक्षेतलं झालं." मी विचारले, "मग तुम्ही कसा ओळखता?" तात्या म्हणाले, "मूठभर माती दाबायची. लाडू झाला पाहिजे आणि खाली टाकला की फुटला पाहिजे." खरे आहे, पण फळ्यावर एवढी जागा नाही, आणि असे सरळ सांगितले तर कोडे राहत नाही. सौभाग्यवतींनी दोन सुचवले, तात्यांनी दोन्ही परत केले. तुम्हाला एका ओळीत मावेल असा सुचला तर कळवा. बाजार गुरुवारी आहे.